ग्लूटेन नको, मांस नको, आणि वर हॉटेलात जेवायचंय?

तुम्ही शाकाहारी आहात, हे जगाने एव्हाना पचवलं आहे. तुम्हाला ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, चालत नाही, हेही जग कुरकुरत का होईना, पचवू लागलं आहे. पण ही दोन्ही पथ्यं एकाच देहात, आणि तीही शनिवारी रात्री साडेआठला, सगळी टेबलं भरलेली असताना? एवढा आगाऊपणा कुठल्याच स्वयंपाकघराला झेपत नाही. तरीही चारचौघांसारखं बाहेर जेवावं असं वाटतच असेल, तर निदान कुणाला त्रास न देता कसं जेवायचं ते शिकून घ्या.

सगळ्यात सुरक्षित पद्धत आधी सांगतो. घरून जेवून निघा, आणि पोटभर जेवून निघा. मग हॉटेलात तुमचं काम फक्त बसायचं, हसायचं आणि बिलात वाटा उचलायचा. पण इतकं शहाणपण सुरुवातीलाच येत नाही, त्यामुळे तुम्ही आधी फोन करून चौकशी कराल. जरूर करा. फोनवरचा माणूस 'हो हो, सगळं मिळतं आपल्याकडे' असं म्हणेल. त्याचं नाव विचारून ठेवण्यात अर्थ नाही. तुम्ही पोहोचता त्या दिवशी त्याची सुट्टी असते.

मेनू कार्ड हातात आलं की खुणा बघा. पानाचं चित्र म्हणजे शाकाहारी, काट मारलेली गव्हाची ओंबी म्हणजे ग्लूटेनमुक्त. पानाचा माग काढत गेलात तर पास्ता, पिझ्झा, रॅप आणि बर्गर भेटतील. ओंबीचा माग काढलात तर स्टेक, भाजलेला मासा आणि कोंबडी. दोन्ही खुणा शेजारीशेजारी नांदताहेत असा पदार्थ शोधत खाली खाली सरकत जा. तळाशी, जिथे छपाई बारीक होते तिथे, ऑलिव्हची वाटी सापडेल. इतरांसाठी तो जेवण येईपर्यंतचा विरंगुळा असतो. तुम्ही त्यालाच जेवण म्हणायला शिका.

यात हॉटेलवाल्याचा खवचटपणा शोधू नका. त्याचा हिशेब सरळ आहे. मांस नको म्हणणाऱ्याला गव्हाने भरवायचं आणि गहू नको म्हणणाऱ्याला मांसाने. दोन्ही नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याच्या वहीतच नाही. त्यातच शाकाहाऱ्यांचं भलं करायला निघालेल्या मंडळींनी मांसाला पर्याय म्हणून सेतान लोकप्रिय केलं. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्यात मळत राहायचा, स्टार्च वाहून जाऊ द्यायचा, आणि हातात उरतं ते जवळपास निव्वळ ग्लूटेन शिजवायचं. म्हणजे तुमच्यासारख्यांची काळजी घेण्याच्या भरात माणसाने असा पदार्थ सिद्ध केला, ज्यात तुम्हाला वर्ज्य असलेल्या गोष्टीखेरीज फारसं काहीच नाही. शाकाहारी बर्गरच्या कित्येक टिक्क्याही याच ग्लूटेनच्या जोरावर एकसंध राहतात. वेटर ही टिक्की मोठ्या कौतुकाने सुचवेल. त्याचा हिरमोड करू नका. 'आज नको, जड होईल' एवढंच म्हणा.

आता वेटरशी बोलायचं कसं ते पाहू. 'मला ग्लूटेन चालत नाही' हे वाक्य हसतमुखाने, किंचित अपराधी सुरात म्हणावं. तो विचारेल, 'म्हणजे बटाटा चालतो का?' चालतो. 'भात?' तोही चालतो. 'ब्रेड थोडासा?' इथे चिडू नका. गहू, जव आणि राय ही तीन धान्यं नकोत, असं शांतपणे सांगा. तो मान डोलावेल आणि कुसकुसची शिफारस करेल. गव्हाला वेगवेगळ्या नावांनी वावरायची खोड आहे. स्पेल्ट, ड्युरम, फारो, बुलगुर, सेमोलिना, फ्रीका ही सगळी त्याचीच भावंडं नाहीतर पोरंबाळं. 'सर, हे गहू नाही, हे बुलगुर आहे' हे वाक्य ज्या आत्मविश्वासाने म्हटलं जातं, त्यापुढे वनस्पतिशास्त्राने मान तुकवावी. सोया सॉस तर बोलूनचालून सोयाचा, तिथे गव्हाचं काय काम, असंही तुम्हाला ऐकवलं जाईल. नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहूही आंबवलेला असतो हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं मनातच ठेवा. जास्त माहिती असलेलं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही.

तुम्हाला खरोखरच सीलिअ‍ॅक आजार असेल, तर बोलताना आणखी जपा. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते, आणि त्यावर आयुष्यभराच्या पथ्याखेरीज उपाय नाही. पण जेवणाच्या टेबलावर आतड्याचा विषय काढणं बरं दिसतं का? तेव्हा 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणून मोकळे व्हा. ती अ‍ॅलर्जी नव्हे, पण त्या शब्दाला निदान स्वयंपाकघरात थोडा मान आहे.

थोडाच, कारण तुमच्या आधी त्याच टेबलावर दुसरं कुणीतरी बसून गेलेलं असतं. त्यांनीही ग्लूटेन नको म्हणून सांगितलं होतं. ब्रेडची टोपली हाताने दूर सारली होती. शेफने वेगळं पातेलं चढवलं, वेगळी सुरी घेतली, पोऱ्याला दोनदा हात धुवायला लावले. मग यांनी जेवणावर जवाची बिअर रिचवली आणि शेवटी शेजाऱ्याच्या ताटलीतला चॉकलेट केक 'एक घास चालतो हो' म्हणत संपवला. त्यांचं ग्लूटेन वजनाच्या काट्याशी बांधलेलं होतं. काटा स्थिरावला की ते सुटतं. शेफने हे काउंटरच्या फटीतून पाहिलं आहे. त्यामुळे तुमची चिठ्ठी आत गेल्यावर तो जे डोळे फिरवतो, ते तुमच्यासाठी नसतात. भोगायचे मात्र तुम्ही.

स्वयंपाकघरात नेमकं काय होतं हे न पाहिलेलं बरं, तरी कल्पना असावी म्हणून सांगतो. फ्रेंच फ्राइज मागवलेत तर त्या बटाट्याच्याच असतात, यात वाद नाही. पण ज्या तेलात त्या तळल्या, त्याच तेलातून थोड्या वेळापूर्वी मैद्यात घोळलेली कोंबडी पोहून गेलेली असते. 'तेल एकशे ऐंशी अंशांवर असतं, सगळं मरतं' असं तुम्हाला समजावलं जाईल. मरतात ते जंतू. ग्लूटेन हे प्रथिन आहे, ते जंतूसारखं मुळात जिवंतच नसतं, आणि तळल्याने ते निरुपद्रवीही होत नाही. तेव्हा या एका ताटलीत तुमची दोन्ही पथ्यं एकाच वेळी मोडली जातात. एवढी काटकसर दुसऱ्या कुठल्याही पदार्थाला साधलेली नाही. ग्लूटेनमुक्त पास्ता मिळतो म्हणून आनंदून जाल, तर तो साध्या पास्त्याच्या उकळत्या पाण्यातच शिजून येतो. सॅलडवर तळलेल्या ब्रेडचे तुकडे आले आणि तुम्ही ते परत पाठवलंत, तर दोन मिनिटांत तेच सॅलड तुकडे वेचून परत येतं. त्याला 'नवीन बनवून आणलं' असं म्हणतात. पानांवर उरलेला चुरा हा तुमच्या स्मरणशक्तीच्या परीक्षेसाठी असतो.

चुऱ्याने काय होतंय, असं वेटरला प्रामाणिकपणे वाटतं, आणि त्याला उत्तर द्यायचा मोह तुम्हाला होईल. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार एक किलो पदार्थात वीस मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल, तरच त्याला ग्लूटेनमुक्त म्हणता येतं. बहुतेक सीलिअ‍ॅक रुग्णांना दिवसभरात दहा मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं जातं, आणि ब्रेडच्या एका चकतीत दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लूटेन असतं. म्हणजे चकतीचे दोनशे तुकडे केले, तर त्यातल्या एकाच तुकड्यात दिवसाचा कोटा संपतो. हे गणित गर्दीच्या वेळी, हातात पाच ताटल्या तोलून उभ्या असलेल्या माणसाला सांगून पाहा आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपून ठेवा.

शाकाहाराच्या बाजूला एवढं गणित नाही, तिथे सगळा श्रद्धेचा कारभार आहे. सूप भाजीचंच असतं, फक्त पाण्याच्या जागी कोंबडीचा स्टॉक असतो. त्यात तुकडा सापडला नाही, तर कोंबडी नव्हतीच असं मानायची प्रथा आहे. रिसोटो हा भाताचा पदार्थ, म्हणून ग्लूटेनच्या अंगाने निर्धास्त. पण तोही बहुधा याच स्टॉकवर पोसलेला, आणि वर किसलेलं पार्मेझान चीज. अस्सल पार्मिजानो रेजानो वासराच्या पोटातल्या, दूध गोठवणाऱ्या रेनेटशिवाय बनत नाही, हे कळल्यापासून ज्यांची झोप उडाली अशी माणसं मला माहीत आहेत. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे, वूस्टर सॉसमध्ये तेच, आणि पन्ना कोट्टा ही सायीची मिठाई थरथरते ती जिलेटिनमुळे, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांमुळे. तुम्ही 'शाकाहारी' म्हणालात की 'मासा चालेल ना?' हा प्रश्न येणारच. तो विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मासा ही एक ओलसर भाजी आहे असा त्याचा समज आहे, इतकंच.

काही ठिकाणी कायदा तुमच्या बाजूने उभा आहे. युरोपीय संघात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलांनाही चौदा प्रकारच्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, आणि त्यात ग्लूटेन असलेली धान्यंही येतात. त्यामुळे तिथे तुमच्यापुढे एक जाडजूड फाइल आणून ठेवतात. आडवे रकाने, उभे रकाने, सगळीकडे खुणा. तुम्ही बोट ठेवत, ओळ न चुकवता, अर्धा तास अभ्यास करायचा. बाकीच्यांचं खाणं तोवर सुरू झालेलं असतं. शेवटच्या पानावर एक वाक्य असतं: आमच्या स्वयंपाकघरात गहू वापरला जातो, त्यामुळे कोणत्याही पदार्थाची खात्री देता येत नाही. हे वाक्य पहिल्या पानावर छापलं असतं तर कागद वाचला असता, पण तुम्हाला वाचनाची गोडी लागली नसती.

सोबतच्या मंडळींची एक परीक्षा असते, तीही पास व्हायला हवी. तुमची चौकशी चालू असताना ते मेनू कार्डामागे तोंड लपवतील. नंतर कुणीतरी कळवळून विचारेल, 'मग तू खातोस तरी काय?' उत्तर छोटं ठेवा, कारण त्यांना ते ऐकायचं नसतं. दुसरा म्हणेल, 'एकदा खाल्लं तर काय मरतोस का?' मरत नाही, हे कबूल करा. तिसऱ्याकडे एक वहिनी असते, जी आंबवलेल्या पावावर चार महिने राहून ठणठणीत झाली. त्या वहिनीला तुमचा नमस्कार कळवा. आणि ब्रेडची टोपली टेबलाच्या बरोबर मध्ये, तुमच्या ताटलीवरून हात नेत जिथे पोहोचावं लागतं अशाच जागी ठेवलेली असेल, तर ताटलीवर तळहात धरून बसा. लोकांना वाटेल तुम्ही प्रार्थना करताय.

गोड काही हवं असेल तर फळं मिळतील. तुमच्यासाठी शेफने मुद्दाम वर एक बिस्किट खोचून सजावट केलेली नसेल, तर नशीब समजा. कापलेली केळी आली तर नाक मुरडू नका, त्यामागे मोठी परंपरा आहे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी सीलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं. मुलं सुधारली, आणि श्रेय केळ्याने खाल्लं. ताटातून ब्रेड गेला होता म्हणून पोरं सुधारत होती, हे मात्र बरीच वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गव्हाचा संशय घेतला तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं सुधारली, ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली, आणि १९५० मध्ये डिके यांनी प्रबंध लिहिला. थोडक्यात, तुमच्या पथ्याला आजवर सर्वात मानवलेली परिस्थिती म्हणजे युद्धातली उपासमार. हे मॅनेजरला सांगू नका. तो त्याला थीम म्हणेल आणि जादा पैसे लावेल.

रात्री किंवा दुसऱ्या दिवशी त्रास झालाच, तर हॉटेलवर आळ घेण्याची घाई करू नका. परिणाम कधी तासांत दिसतो, कधी दिवस उलटल्यावर, आणि तोवर तुम्ही आणखीही काहीबाही खाल्लेलं असतं. फोन केलात तर उत्तर ठरलेलं आहे: काल एवढी माणसं जेवून गेली, एकाचीही तक्रार नाही. ती सगळी माणसं ब्रेड पचवणारी होती, हा मुद्दा तुम्हाला सुचेल, पण फोन ठेवल्यावर.

मित्र चांगले असतात. बिल समान वाटून घेताना त्यांना जरा अवघडल्यासारखं होतं, आणि त्या अवघडलेपणात कुणीतरी म्हणतं, 'पुढच्या वेळी जागा तू निवड.' निवडा. पूर्णपणे ग्लूटेनमुक्त स्वयंपाकघर असलेलं, शाकाहारी, आडबाजूचं एखादं ठिकाण शोधून काढा. सगळे येतील, बसतील, आणि पाणी यायच्या आत एक जण मान वर करून वेटरला विचारेल, 'इथे साधा ब्रेड मिळत नाही का हो?' तेव्हा तुम्ही सगळ्यांची माफी मागा.