गुरगुरलं म्हणून पिलाला मारू नका

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतातल्या आखाड्यावरच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. त्यातलं तांबडं पिलू माझ्या तीन वर्षांच्या लेकरानं छातीशी धरलं ते सोडेचना. आणलं परभणीला, नाव ठेवलं वाघ्या. पिलू जेमतेम महिन्याचं होतं, आणि पहिली चूक तिथंच झाली. पिलू किमान आठ आठवडे आईजवळ, भावंडांत राहायला पाहिजे. जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ मोडतो, त्यातून ते दात आवरायला शिकतं. वाघ्याला ते मिळालंच नाही.

घरात सगळे म्हणायचे, "खेळू द्या, दोघंही लेकरंच हायेत." मीही तेच म्हणायचे. लेकरू शेपूट ओढायचं, झोपलेल्या पिलाला उचलायचं. वाघ्या गुरगुरला की आम्ही चप्पल उगारायचो. पंधरा दिवसांत त्यानं गुरगुरणं सोडलं. आम्हाला वाटलं, शहाणा झाला.

मग एका संध्याकाळी ओसरीवर वाघ्या भाकर खात होता आणि लेकरानं त्याची ताटली ओढली. मी दारातच उभी होते. वाघ्या जागच्या जागी ताठरला. तोंड ताटलीवरच, शेपूट थांबलेलं, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसत होतं. इतकं सगळं तो सांगत होता, पण मला काही उमगलं नाही. लेकराच्या अंगठ्याजवळ दोन दात रुतले, रक्त आलं.

आत्याबाई तिखटाचा डबा घेऊन धावल्या. नातवासाठी जीव तुटतो त्यांचा, पण मी हात धरला. जखमेत तिखट, चुना, हळद काहीच भरायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. "घरचंच पिलू हाय" म्हणून थांबू नका. रेबीज पिलालाही होतो, आणि माणसात लक्षणं दिसू लागली की जीव वाचणं जवळपास अशक्य. वाघ्याला तीन महिने व्हायचे होते, त्याची रेबीजची लस बाकीच होती. लेकराच्या जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्ध तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन दिलं, मग ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस. इवल्याशा हातातली ती सुई आठवली की अजून पोटात कालवतं.

दीर म्हणाले, पोत्यात घालून लांब सोडून येतो. मी नाही म्हणाले. चूक पिलाची नव्हती. जनावरांचे डॉक्टर बोलले ते मनात रुतून बसलंय: "गुरगुरणं ही त्याची बोली. ती मारून बंद केली तर त्याच्याजवळ फक्त दात उरतात."

आता जिन्याखाली पोतं टाकलंय, ती जागा वाघ्याची. तिथं लेकरानं जायचं नाही. वाघ्या जेवतो ते मागच्या अंगणात, दार लावून. आणि दोघांजवळ मोठं माणूस नसेल तर मध्ये दार बंद, मग मला नुसतं पाणी आणायला जायचं असलं तरी. मोबाईल बघत बसलेलं माणूस मी यात धरत नाही. चौथ्या महिन्यात दात पडताना त्याच्या हिरड्या शिवशिवायच्या, म्हणून ओल्या फडक्याची गाठ चघळायला द्यायचे. जंताचं औषधही वेळेवर पाजत राहिले, कारण पिलाच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत जातात आणि लेकरं त्याच मातीत खेळतात. मातीत खेळून आलं की आधी हात धुणं, मग खाणं.

परवा वाघ्या पोत्यावर पडला होता. लेकरू चेंडू घेऊन जवळ गेलं, तो हळूच गुरगुरला. लेकरू थबकलं, मला म्हणालं, "आई, वाघ्याला नकोय." आणि चेंडू घेऊन अंगणात गेलं. मी वाघ्याला रागावले नाही.

वाघ्याचं लसीचं कार्ड आता लेकराच्या कार्डासोबत एकाच पिशवीत ठेवलंय. दरवर्षीची रेबीजची लस चुकवायची नाही.