लोम्बार्डिया म्हणजे आपलीच इंटर

घरात एकदा "याला कॉम्प्युटरमधलं कळतं" असा शिक्का बसला ना की मग संपलंच. प्रिंटर, वायफाय, दाजींचं व्हॉट्सॲप, भाच्याचे गेम, सगळी खाती माझ्याकडे. त्यात गेमचं खातं सगळ्यात बेक्कार. बाकीच्या वस्तू नुसत्या बंद पडतात हो, या फुटबॉलच्या गेमांची मधूनच नवीन बारशी होतात आणि पेढे न मिळता नावं मात्र मी सांगत फिरायचं.

भाच्याच्या वाढदिवसाआधी ताईचा फोन. "अरे त्याला ते फिफा पंचवीस हवंय, घेऊन ये."

म्हटलं ताई, फिफा पंचवीस असं काही नसतं, फिफा तेवीसला संपलं.

"अय्या, कंपनी बुडाली?"

नाही गं, कंपनी आहे.

"मग फिफा बुडाली?"

तीही आहे, चांगली गब्बर आहे.

"मग?"

आता या "मग"चं उत्तर द्यायचं तर १९९३ पासून सुरू करावं लागतं. म्हणजे ईए या गेम कंपनीनं तेव्हा पहिला गेम काढला, फिफाचं म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचं नाव भाड्यानं घेतलं, तीसेक वर्षं सगळं सुरळीत चाललं, मग फिफा म्हणे नाव वापरायचे दर चार वर्षांना शंभर कोटी डॉलरच्या वर द्या, आधीच्या साधारण दुप्पट, असं पेपरात आलं होतं, ईए म्हणाली राहू दे तुमचं नाव तुमच्यापाशी, मे २०२२ मध्ये दोघांनी फारकत जाहीर केली आणि २०२३ पासून तोच गेम ईए स्पोर्ट्स एफसी या नावानं यायला लागला. खेळाडू तेच, कॉमेंट्री तीच, पैसे तर त्याहून तेच. ताईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे एफसीवर मिळेल ना? मग जातोच आहेस तर माझी ती कुर्ती बदलून आण."

पुण्याच्या एफसी रोडवर, म्हणजे फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर घेतलेली कुर्ती बदलून मिळते असं समजणाऱ्या बाईला मी लायसन्सिंग समजावत होतो.

दुकानाचं नाव घेत नाही. आत गेलो, सवयीनं तोंडातून निघालं, फिफा पंचवीस आहे का? मालक मोबाईलमधून मान वर न करता, "फिफा बंद झालं." मग एफसी पंचवीस? "मग तसं बोला ना." माझ्या मागून एक काका आले, "फिफाचं नवीन द्या", त्यांना मात्र मुकाट्यानं एफसी काढून दिला. या शहरात बरोबर बोलायची सक्ती माणूस बघून होते.

खरी रडारड संध्याकाळी. भाचा कट्टर इंटर मिलानवाला. कोथरूडमधल्या पोरानं इंटर का धरावी याला काही कारण नाही, काळी-निळी जर्सी आवडली, विषय संपला. तर इटलीची लीग उघडली आणि इंटर गायब! तिच्या जागी लोम्बार्डिया एफसी, शेजारी एसी मिलानच्या जागी मिलानो एफसी. लोम्बार्डियात इंटरचा लाउतारो मार्टिनेझ आहे, बाकी सगळेही आहेत, फक्त लोगो आणि जर्सी भलत्याच. "मामा, हे डुप्लिकेट आणलंस." दुकानात फसलो असं दाजींचंही मत पडलं.

त्यांना शेवटी सातबारा समजावला. खेळाडूंच्या नावाचा उतारा वेगळा, तो खेळाडूंच्या संघटनेकडून येतो. लीगचा वेगळा, क्लबचा वेगळा, स्टेडियमचा आणखी वेगळा. इंटर आणि एसी मिलाननं आपला तुकडा कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीला लिहून दिलेला, म्हणून ईएकडे माणसं आली पण पाटी नाही आली, आणि पाटी नाही म्हणून सरळ प्रांताचं नाहीतर शहराचं नाव ठोकून दिलं. युव्हेंटसचं फिफा वीसमध्ये हेच झालं होतं, रोनाल्डोसारखा रोनाल्डो पिएमोन्ते काल्चिओ नावाच्या टीममधून खेळत होता. बिचारा.

भाचा काही पटून घेईना. आणि खरं सांगू, मला त्याची फार दयाही आली नाही. आमची पिढी होस्टेलवर कोनामीच्या पेस सिक्स या फुटबॉल गेमवर वाढली, तिथं चेल्सी म्हणजे लंडन एफसी आणि लिव्हरपूल म्हणजे मर्सीसाइड रेड. त्याच्या आधीच्या गेमांत तर रॉबर्टो कार्लोसचा रॉबर्टो लार्कोस केलेला! आम्ही रडलो का? कुणीतरी पेन ड्राइव्हवर पॅच आणायचा, खरी नावं, खऱ्या जर्सी, आणि तो पॅचवाला पोरगा कितीही भिकार खेळला तरी त्याचा पहिला नंबर ठरलेला.

गंमत म्हणजे ती पेसही राहिली नाही. २०२१ मध्ये कोनामीनं तिचं ईफुटबॉल केलं, फुकट दिलं, आणि पहिल्याच दिवशी त्यातल्या खेळाडूंचे चेहरे बघून जग हसलं. आणि आता फिफानं आपला ई-वर्ल्डकप २०२४ मध्ये भरवला तो कुठल्या गेमवर? ईफुटबॉलवर. म्हणजे आम्ही पेसवाल्यांनी जन्मभर "तुमच्याकडे फिफा नाही" हे ऐकून घेतलं आणि शेवटी फिफा आमच्याच घरी राहायला आली, तोवर पेसचंच नाव गेलेलं. असो.

"यात पुणे नाही का?" दाजींनी एकदम विचारलं. वर्मावर बोट. इंडियन सुपर लीग फिफा बावीसमध्ये आली. आपली एफसी पुणे सिटी, बालेवाडीला खेळायची ती, हृतिक रोशन भागीदार असलेली, २०१९ मध्येच गुंडाळली आणि तिच्या जागी हैदराबाद आली. गेममध्ये पुणं यायची वेळ झाली तेव्हा टीमच नव्हती. इथं तर खोटं नाव द्यायलाही काही शिल्लक नाही.

मग भाच्यानं स्वतःचा क्लब काढायची सोय शोधली, त्यातल्या त्यात बरा लोगो निवडला, जर्सी अर्थातच काळी-निळी, आणि नाव टाकलं कोथरूड एफसी. आई मागून पोळ्यांचा डबा घेऊन चालली होती, टीव्हीकडे बघून म्हणाली, "एफसी कोथरूडात कधी आला? तो डेक्कनलाय."