पोलिश समाजवादी दोघांच्या भांडणातून फुटले नाहीत

डाव्यांच्या फाटाफुटीचा विषय निघाला की पोलंडचा दाखला ठरलेला. सांगितलं जातं ते असं: मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेंबर्ग आणि पुढे स्वतंत्र पोलंडचे प्रमुख झालेले समाजवादी नेते युझेफ पिल्सुद्स्की यांचं पटलं नाही, म्हणून तिथले समाजवादी फुटले. एका बाजूला स्वातंत्र्यवादी होते, दुसऱ्या बाजूला रशियाचे हस्तक. अहंकारापायी चळवळ वाया गेली आणि स्वातंत्र्य १९१८ मध्ये आयतंच पदरात पडलं. हे पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण ज्यांनी या प्रश्नाशी झुंजताना फाशी, सायबेरिया आणि किल्ल्यातल्या कोठड्या भोगल्या, त्यांच्यावर हा अन्याय आहे.

वाद या दोघांपासून सुरू झाला, इथेच पहिली चूक. नोव्हेंबर १८८० मध्ये जिनिव्हात पोलिश निर्वासित समाजवाद्यांची सभा भरली होती. पोलंड तेव्हा रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांत वाटला गेला होता आणि रशियाविरुद्धच्या १८३० च्या उठावाला पन्नास वर्षं झाली होती. पोलंडच्या लढ्याला पाठिंबा देणारं मार्क्स आणि एंगल्स यांचं पत्र या सभेसाठी आलं होतं. तिथेच लुडविक वारिन्स्की यांनी पोलिश राष्ट्राहूनही दुर्दैवी असं एक राष्ट्र आहे, ते म्हणजे कामगारांचं, असं ठणकावलं. त्यांच्या दृष्टीने देशभक्ती ही तेव्हा जमीनदारांची भाषा होती. खेड्यांतून वॉर्सा आणि लॉड्झच्या गिरण्यांत आलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती. बोलेस्लाव लिमानोव्हस्की यांना हे मुळीच पटलं नाही. समाजवाद आणि स्वातंत्र्य एकमेकांपासून तोडता येत नाहीत, असं मानून त्यांनी १८८१ मध्ये ‘लूद पोल्स्की’ (पोलिश जनता) हा वेगळा गट काढला. त्या सभेच्या वेळी रोझा नऊ वर्षांची होती आणि पिल्सुद्स्की बारा.

वारिन्स्कींनी १८८२ मध्ये ‘प्रोलेतारियात’ पक्ष उभा केला. पुढच्याच वर्षी ते पकडले गेले आणि १८८९ मध्ये रशियातल्या श्लिसेलबुर्गच्या तुरुंगात वारले. २८ जानेवारी १८८६ ला वॉर्साच्या किल्ल्यात त्यांच्या चार सहकाऱ्यांना फासावर चढवलं. त्यातले प्योत्र बार्दोव्हस्की रशियन होते. झारच्या फासावर पोलिश आणि रशियन एकत्र गेले, ही आठवण पुढच्या पिढीने जपली. रशियन कामगारांशी एकजूट ही कल्पना तिथून आली होती, कुणाच्या हस्तकगिरीतून नाही.

आता हस्तकगिरीच्या आरोपाकडे वळू. नोव्हेंबर १८९२ मध्ये पॅरिसच्या बैठकीत स्वतंत्र लोकशाही प्रजासत्ताकाचा कार्यक्रम ठरला आणि त्यातून पोलिश समाजवादी पक्ष, म्हणजे पीपीएस, जन्माला आला. १८९३ मध्ये रोझा लक्झेंबर्ग, लेओ योगिखेस, युलिआन मार्खलेव्हस्की आणि अडोल्फ वार्स्की वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. रोझा यांचं म्हणणं हिशेबाचं होतं. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधला कारखानदार आपला माल रशियन बाजारात विकतो, त्याला स्वातंत्र्य नको आहे. तेव्हा कामगारांनी रशियन कामगारांसोबत झारशाही उलथावी आणि पोलंडला स्वायत्तता मिळवावी. झुरिचच्या विद्यापीठात १८९७ मध्ये त्यांनी याच विषयावर प्रबंध दिला. माझ्या मते त्यांनी बाजाराचं वाचन बरोबर केलं आणि राजकारणाचं चुकीचं. पीपीएसमधले मार्क्सवादी काझिमिएश केलेस-क्राउझ यांनी त्यांना तेव्हाच उत्तर दिलं होतं: राष्ट्र हा जुन्या सरंजामाचा अवशेष नसून आधुनिक भांडवलशाहीतूनच घडणारी गोष्ट आहे. या वादाचे पडसाद जगभरच्या समाजवादी पक्षांच्या १८९६ च्या लंडन अधिवेशनात उमटले. एकट्या पोलंडच्या स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला नाही, पण सर्व राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा झाला.

आणि ‘हस्तक’ रोझा? खोट्या कागदपत्रांवर त्या वॉर्सात शिरल्या आणि मार्च १९०६ मध्ये झारच्या पोलिसांनी त्यांना पकडून किल्ल्यात टाकलं. वार्स्कींना तर पुढे १९३७ मध्ये खुद्द स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या.

सर्वांत मोठी फूट कुठे पडली, हे तर या दाव्यात येतच नाही. ती पिल्सुद्स्कींच्या स्वतःच्या पक्षात, म्हणजे पीपीएसमध्ये, पडली आणि रोझा त्या पक्षात नव्हत्याच. जानेवारी १९०५ च्या सार्वत्रिक संपानंतर पीपीएसमधले ‘तरुण’ म्हणू लागले की लाखो लोक रस्त्यावर आहेत, त्यांच्याबरोबर चला. पिल्सुद्स्कींसह ‘जुन्यां’चा भर सशस्त्र पथकांवर होता. पक्षाची लढाऊ संघटना पक्षाचं ऐकणार की पक्षाने तिच्यामागे फरफटत जायचं, हा खरा पेच होता. नोव्हेंबर १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात पीपीएस-डावी आणि पिल्सुद्स्कींचा क्रांतिकारी गट अशी दोन शकलं झाली. फेलिक्स कोन हे ‘प्रोलेतारियात’च्या काळातले, सायबेरिया भोगून आलेले, ते डाव्या बाजूला गेले. फेलिक्स पेर्ल पिल्सुद्स्कींसोबत राहिले, पण १९१२ मध्ये त्यांनाही हा लष्करी रस्ता खुपला आणि काही काळ ते बाहेर पडले. अशी माणसं दोन रकान्यांत कशी बसवणार?

अहंकाराचा मुद्दा पूर्ण खोटा मात्र नाही. समाजवादी पक्षांच्या १८९३ च्या आंतरराष्ट्रीय झुरिच अधिवेशनात बावीस वर्षांच्या रोझांचं प्रतिनिधित्व नाकारलं गेलं, तो कडवटपणा वर्षानुवर्षं टिकला. १९११-१२ मध्ये रोझांचाच पक्ष फुटला, तेव्हा बर्लिनमध्ये बसलेलं नेतृत्व आणि वॉर्सातले कार्यकर्ते यांच्यात योगिखेस यांच्या कारभारावरून जुंपली होती. तिथे व्यक्ती आणि वागणूक यांचा वाटा मोठा होता. पण हे तीस वर्षांच्या वादाचं शेवटचं टोक, त्याचं कारण नव्हे.

राहिला ‘आयत्या’ स्वातंत्र्याचा मुद्दा. तिन्ही साम्राज्यं महायुद्धात कोसळली, हे खरं. पण ७ नोव्हेंबर १९१८ ला लुब्लिनमध्ये हंगामी लोकसरकार जाहीर केलं ते इग्नात्सी दाशिन्स्की या समाजवाद्याने. काही दिवसांत त्यांचेच पक्षबंधू येंजेय मोराचेव्हस्की पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने २३ नोव्हेंबरला आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला आणि २८ तारखेच्या निवडणूक हुकुमाने पोलंडच्या बायकांना मतदानाचा हक्क दिला.