डिस्क स्वस्त झाली म्हणून प्रश्न मिटला?

ऑनलाइन व्हिडिओवरच्या या लेखात म्हटलंय की डिस्क स्वस्त झाल्यात त्यामुळे व्हिडिओ साठवणं हा आता प्रश्नच उरला नाही, हे काही पटलं नाही बुवा. साठवणं सोपंय हो, पण एकाच वेळी हजारो लोक व्हिडिओ बघताना वेगवेगळ्या मिनिटाला असतात, कोणी पुढे ढकलतंय कोणी मागे, तेव्हा फिरणाऱ्या डिस्कचं हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, नुसतं इकडून तिकडे धावत बसतं आणि खरा वेळ तिथेच जातो. नेटफ्लिक्सचं ओपन कनेक्ट, म्हणजे व्हिडिओ पोचवायचं त्यांचं स्वतःचं जाळं, बघा, २०१२ पासून चालू आहे, सर्व्हर थेट इंटरनेट कंपन्यांकडे नेऊन ठेवलेत आणि उद्या कुठे काय बघितलं जाईल याचा अंदाज बांधून गर्दी नसलेल्या वेळात फाइली आधीच भरून ठेवतात. जास्त चालणारं फ्लॅशवर (त्यात फिरणारं काही नसतं, म्हणून झटपट), बाकीचं मोठ्या हार्ड डिस्कवर. घरी नाही का, मिसळणाचा डबा हाताशी आणि कुरडयांचा माळ्यावर, तसंच! शिवाय एक सिनेमा म्हणजे एक फाइल नसते, वेगवेगळ्या क्वालिटीच्या ढीगभर कॉप्या, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे, नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या कॉपीतला येतो म्हणून चित्र मधेच धूसर होतं. आमचे बाबा अजून टीव्हीलाच शिव्या घालतात.