लेऑफनंतर प्रीमियम घ्यायचं की नाही?

मेसेंजरवर हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, लेऑफ झालाय, लिंक्डइन प्रीमियम घेऊ का?" कोणी नोकरीच्या पोर्टलवर पैसे भरून प्रोफाइल वर आणण्याबद्दल विचारतं, कोणी रेझ्युमे लिहून देणाऱ्यांबद्दल. प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहिते. लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रीमियम म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीच्या लिंक्डइन साइटचं पैसे भरून घ्यायचं खातं. उत्तर आधी सांगते: त्याचा फुकटचा महिना मिळत असेल तर तो घ्या, पैसे भरायची घाई नको. आणि तो महिनाही पहिल्याच आठवड्यात सुरू करू नका. रेझ्युमे नीट झाला, कोणत्या कंपन्या आणि कोणतं काम हे ठरलं की मग करा. कार्डाचा नंबर आधीच घेतात, त्यामुळे बंद करायच्या तारखेचा अलार्म त्याच दिवशी लावा.

आता कारण. प्रीमियमच्या करिअर प्लॅनमध्ये हातात पडतं काय? महिन्याला पाच इनमेल, म्हणजे अनोळखी माणसाला थेट मेसेज. नव्वद दिवसांत समोरच्याने उत्तर दिलं तर ते क्रेडिट परत मिळतं. तुमचं प्रोफाइल कोणी पाहिलं त्याची मोठी यादी दिसते, पण ज्याने स्वतःचं नाव लपवून पाहिलं त्याचं नाव पैसे भरूनही कळत नाही. शिवाय शिकायचे कोर्सेस आणि इतर अर्जदारांत तुम्ही कुठे बसता त्याचा अंदाज. वाईट काहीच नाही. पण घरी बसलेल्या माणसाला ती यादी फार छळते. माझा लेऑफ झाला तेव्हा मला रोज सकाळी उठल्याउठल्या कोणी बघितलं ते बघायची सवयच लागली होती. वधू-वर सूचक मंडळाच्या गोल्ड मेंबरशिपसारखं आहे हे. स्थळाचा फोन नंबर मिळतो, पुढचा होकार त्यात धरलेला नसतो.

आणि एक विसरू नका. लिंक्डइन काय, नोकरी डॉट कॉम काय, यांची मोठी कमाई कंपन्या आणि रिक्रुटर भरतात त्या पैशांतून होते. त्यांना माणसं सापडावीत म्हणूनच हा सगळा डोलारा उभा आहे. त्यामुळे आपण फुकट खात्यावर असलो तरी सापडणं त्यांच्याही फायद्याचंच आहे.

सापडायचं कसं, हे मला मावसबहिणीने दाखवलं. ती विमाननगरला एका कन्सल्टन्सीत रिक्रुटर आहे. तिच्या शेजारी बसून मी तिची स्क्रीन पाहिली. तिने टाकलं: सेलेनियम (सॉफ्टवेअर टेस्टिंगचं टूल), जावा, आठ ते बारा वर्षं अनुभव, पुणे, नोटीस (म्हणजे आधीची नोकरी सोडून मोकळं व्हायला लागणारे दिवस) पंधरा दिवसांच्या आत. मग शेवटचं कधी लॉगिन केलंय ते लावलं. ढीगभर प्रोफाइल्स भराभर गाळली गेली. जी उरली त्यातल्या प्रत्येकावर तिची नजर मोजून काही सेकंद. हेडलाइन, सध्याचं काम, अपेक्षित पगार, पुढचा. "सीकिंग न्यू ऑपॉर्च्युनिटीज" अशी हेडलाइन दिसली की ती म्हणायची, "अगं पण करतेस काय ते लिही ना!" नोटीस पिरियडच्या रकान्यात जुनेच नव्वद दिवस तसेच ठेवणारे कितीतरी होते. लेऑफ झालेल्याकडे त्या घडीला असलेलं एकमेव हुकमाचं पान म्हणजे लगेच रुजू होता येणं, आणि तेच लोक लिहायचं विसरतात. हे बदलायला एक रुपया लागत नाही.

तरी लोक पैसे का भरतात? माझं स्पष्ट मत आहे की निम्म्याहून जास्त वेळा ते लाजेपोटी असतं. नोकरी गेली हे ओळखीच्यांना सांगण्यापेक्षा सिंगापूरच्या कोणा अनोळखी व्हाइस प्रेसिडेंटला इनमेल टाकणं सोपं वाटतं. सोसायटीत कळू नये म्हणून रोज लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडणारे आपल्यातच आहेत. सासरी सांगितलेलं नसतं, जुन्या टीमच्या ग्रुपवर दिवाळीच्या शुभेच्छा टाकतात पण हे टाकत नाहीत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर लोक कमी करणार असं जाहीर केलं तेव्हापासून तरी हा विषय घराघरात पोचलाय. एवढ्या लोकांची नोकरी जाते तेव्हा तो काही कोणाच्या एकट्याच्या लायकीचा प्रश्न नसतो. पण आपल्याकडे "काय केलंस तू असं?" हा प्रश्न अजून विचारतातच.

माझं काम ज्याच्यामुळे झालं, त्याचं आडनावसुद्धा मला धड माहीत नव्हतं. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये तो वारज्याला चढायचा. दुसऱ्याच प्रोजेक्टवर होता. आमचं बोलणं म्हणजे ट्रॅफिक, पाऊस आणि वाकडच्या पुलाला शिव्या. मी बसच्या जुन्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या: काम कोणतं, वर्षं किती, शहर कोणतं, लगेच जॉइन होऊ शकते. रेझ्युमे जोडला. तासाभरात त्याचा फोन. कंपनी बदलून तो खराडीला गेला होता आणि शेजारच्या टीमला टेस्टिंग लीड हवा होता. जिवाभावाच्या मैत्रिणींनी त्या काळात जेवायला बोलावलं, रडू दिलं, पण त्यांना माहीत असलेल्या जागा मलाही माहीतच होत्या. वर्तुळ एकच ना.

यावर अभ्यास झालेला आहे. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध याच विषयावरचा. ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं त्याला तेव्हा किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा माणूस सहातून जेमतेम एकाच्या बाबतीत निघाला. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. मग २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनवरच्याच दोन कोटी सभासदांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष आला. ना जिगरी ना परके, अशा मधल्या ओळखींनी नोकरी बदलायला सगळ्यात जास्त मदत केली, आणि आयटीसारख्या डिजिटल क्षेत्रांत विरळ ओळखींचा उपयोग अधिक दिसला. गंमत म्हणजे तो प्रयोग "तुमच्या ओळखीचे असतील असे लोक" या सुचवण्यांवर केला होता. ती सोय फुकट खात्यावरही आहे!

रेफरलचं, म्हणजे कंपनीतल्याच माणसाने आपलं नाव सुचवण्याचं, एक तांत्रिक लक्षात ठेवा, इथे खूप जण फसतात. बऱ्याच कंपन्यांत तुमचं नाव आधीच त्यांच्या सिस्टीममध्ये असेल, स्वतः अर्ज केलेला असेल किंवा कन्सल्टन्सीने रेझ्युमे टाकला असेल, तर पुढचे काही महिने रेफरल बसत नाही. म्हणून आधी ओळखीचं कोणी आत आहे का बघा, मग अर्ज. आणि मागताना "काही असेल तर सांग" असं म्हणू नका. जॉब आयडी द्या, रेझ्युमे द्या, दोन ओळी अशा द्या की त्याने तशाच पुढे पाठवाव्यात. त्यालाही रेफरल बोनस मिळतो, उपकार वगैरे वाटून घ्यायचं कारण नाही. रेफरलने रेझ्युमे उघडला जातो एवढंच. माझा इंटरव्ह्यू तरीही चांगला तासून घेतला त्यांनी.

मग पैसे कोणी भरावेत? शहर किंवा क्षेत्रच बदलायचंय आणि तिथे एकही ओळख नाही, त्याने भरावेत. नागपूरहून थेट बर्लिनला अर्ज करणाऱ्याला ते पाच इनमेल उपयोगी पडू शकतात, तेही जाहिरातीत ज्याचं नाव आहे त्यालाच लिहिले तर. अर्ध्या तासाचे पैसे घेऊन मार्गदर्शन करणाऱ्यांकडे जायचं तर त्याच कामातला माणूस बघा, नुसते फॉलोअर्स बघू नका. ईएमआय चालू असताना वर्षभराचा प्लॅन मात्र कोणी घेऊ नये. इंटरव्ह्यूची हमी, रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काही कानावर आलं तर फोन ठेवा. खऱ्या कंपनीचा एचआर पैसे मागत नाही.

आता ज्यांच्या ऑफिसात जागा आहेत त्यांनी खाली स्किल, वर्षं, ठिकाण आणि जॉब आयडी टाका. शोधणाऱ्यांनीही हेच टाका, नोटीस किती तेही लिहा. नुसतं "इंटरेस्टेड" लिहाल तर मावसबहीण ओरडेल, ती ही पोस्ट वाचणार आहे.