किसलेल्या बिटाविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक अभ्यासक’ यांस,
सप्रेम नमस्कार.

बिटातील रंगद्रव्याच्या मापनावर मी लिहिलेल्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. छायाचित्राखालच्या ओळीत मी त्या रंगाला अँथोसायनिन (काळ्या गाजरात असतो तो लाल-जांभळ्या रंगांचा वेगळा गट) म्हटले. 538 नॅनोमीटर या तरंगलांबीचा प्रकाश अर्काने किती शोषला, या एकाच नोंदीवरून, 600 ची दुरुस्ती (इतर पदार्थांनी शोषलेला प्रकाश 600 नॅनोमीटरला मोजून वजा करणे) न करता, ‘एकूण रंगद्रव्य’ काढले. बीटही एकच घेतले. आणि शेवटी आपले ते वाक्य, ‘स्वयंपाकघरात बीट किसून रसायनशास्त्र होत नसते, विद्यार्थ्यांनी असल्या लेखनापासून दूर राहावे.’

अँथोसायनिनची चूक मला मान्य आहे आणि ती ओळ मी दुरुस्त केली आहे. बिटाचा रंग बीटालेन गटातला, त्यात नत्र असते, आणि हे दोन गट एकाच वनस्पतीत एकत्र सापडत नाहीत, हे मूळ लेखात दोन ठिकाणी स्पष्ट लिहिले होते. ते मात्र आपल्या नजरेतून निसटले. वायलर आणि ड्रायडिंग यांनी 1957 मध्ये बीटानिन, म्हणजे बिटातले मुख्य लाल रंगद्रव्य, स्फटिकरूपात मिळवले, त्या काळापर्यंत जाणकारसुद्धा याला ‘नत्रयुक्त अँथोसायनिन’ म्हणत असत. तेव्हा छायाचित्राखालच्या एका शब्दावरून माझी शाळा घेण्याचे कारण नव्हते.

आता त्या वाक्याविषयी. मी 27 वर्षे तालुक्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिके घेतली. तेथील वर्णपटमापकाचा (द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणाऱ्या यंत्राचा) दिवा एकदा गेला तो दोन वर्षे आला नाही, आणि त्या दोन वर्षांतल्या मुलांना मी पांढऱ्या बशा, किसणी, लिंबू आणि धुण्याचा सोडा यांवर शिकवले. बिटाच्या रसात चिमूटभर सोडा टाकला की लाल रंग आधी जांभळट होतो आणि थोड्याच वेळात मळकट पिवळ्यावर येतो, कारण अल्कलीत बीटानिनचा रेणू तुटून पिवळे बीटालॅमिक आम्ल सुटे होते. उत्तरेत कांजीसाठी वापरतात त्या काळ्या गाजराच्या रसात तोच सोडा टाकला तर रंग निळसर-हिरव्याकडे झुकतो, कारण तिथे खरोखरच अँथोसायनिन आहे. दोन बशा शेजारी ठेवून, गुलाबी झालेल्या बोटांनी वहीत टिपण करणाऱ्या मुलांना दोन गटांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. याला आपण रसायनशास्त्र म्हणणार नसाल तर मग कशाला म्हणता, ते तरी कळवावे.

माझी आई बीट सालासकट, शेंडा न छाटता उकडत असे. शेंडा छाटला की पाणी लाल आणि बीट फिके, हे तिला ठाऊक होते. रंगद्रव्य पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या द्रवाच्या पिशवीत, पाण्यात विरघळलेले असते, आणि पेशी फुटली की ते बाहेर येते, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. म्हणूनच अर्क काढण्यासाठी मी बीट किसून पाण्यात घातले. ती गैरसोयीतून काढलेली पळवाट नव्हती. दह्यातल्या कोशिंबिरीचा गुलाबी रंग टिकतो, कारण दह्याचा सामू (pH) साडेचारच्या आसपास असतो आणि बीटानिन 3 ते 7 या पट्ट्यात बऱ्यापैकी स्थिर राहते. लोखंडी किसणी मी मुद्दाम टाळली, कारण लोह आणि तांबे यांच्या संपर्कात हा रंग लवकर बिघडतो. हा सगळा विचार लेखात होता; आपल्याला फक्त किसणी दिसली.

600 च्या दुरुस्तीचे म्हणाल, तर हिशेबच मांडतो. 10 ग्रॅम किसाचा 100 मिलिलिटर अर्क, तो दहापट पातळ केल्यावर 538 ला नोंद 0.56, बीटानिनच्या एक टक्का द्रावणाचे शोषण 1120 धरून 100 ग्रॅम बिटात 50 मिलिग्रॅम. वहीत 600 ची नोंद 0.04 आहे, आणि निल्सन यांच्या 1970 च्या पद्धतीप्रमाणे दोन नोंदींच्या फरकाला, म्हणजे 0.52 ला, 1.095 या ठरावीक गुणकाने गुणले की उत्तर 51 च्या जवळ येते. एका मिलिग्रॅमसाठी आपण विद्यार्थ्यांना माझ्यापासून दूर ठेवायला निघालात!

एकच बीट घेतले हे खरे आहे आणि ते लेखात लिहिलेले आहे. बिटातल्याच पिवळ्या रंगद्रव्यासाठी, बीटाझँथिनसाठी, 476 नॅनोमीटरची वेगळी नोंद घ्यावी लागते हेही मला माहीत आहे, पण लेख नवशिक्यांसाठी होता, आणि ‘एकूण’ या एका शब्दावरून एवढे रामायण होईल असे वाटले नव्हते. आपण तीन बिटांच्या, तिन्ही तरंगलांबींच्या नोंदी घेऊन पाठवाव्यात; टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावाने पाठवल्यात तर येथेच जशाच्या तशा प्रसिद्ध करीन.