एरर शून्य आला म्हणून नकाशा बसला असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्कॅन केलेला जुना नकाशा, जागा माहीत असलेल्या बिंदूंच्या आधारे, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या जागी कसा बसवायचा, यावर मी लेख लिहिला होता. नाशिकजवळच्या दिंडोरीकडचा गटनकाशा तसा बसवताना तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. बिंदूंची फाइल इम्पोर्ट करण्यापेक्षा उपग्रहचित्रावर क्लिक करणं सोपं. लेखाबरहुकूम फाइल लोड केली तर सगळे बिंदू चित्राबाहेर पडले. आणि मी सुचवलेल्या पॉलिनॉमियल १ ला (सगळं चित्र एकसारखं सरकवून, फिरवून, ताणून बसवणारी पद्धत) तीन मीटर एरर येतो, थिन प्लेट स्प्लाइनला (जागोजागी वेगळं ताणणारी पद्धत) मात्र शून्य.

आधी दुसरा, कारण तो लगेच सुटतो. पिक्सेलचे आकडे तुम्ही जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून घेतलेत. तिथे वाय वरून खाली वाढत जातो. क्यूजीआयएसचा जिओरेफरन्सर (नकाशा बसवण्याचं साधन) मात्र साध्या स्कॅनमध्ये डावीकडचा वरचा कोपरा शून्य धरतो आणि खाली उणे मोजतो. म्हणजे १८४० च्या जागी -१८४० हवं. उणे चिन्ह द्यायचं राहिलं की बिंदू चित्राच्या वरच्या बाजूला, मोकळ्या जागेत जाऊन बसतात. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये तेच दिसतंय. शिवाय फाइल कोरी लिहायला बसूच नका. एक बिंदू हाताने लावा, जीसीपी (म्हणजे हे बिंदूच) सेव्ह करा, ती पॉइंट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि त्याच साच्यात बाकीच्या ओळी भरा. आवृत्तीगणिक कॉलमची नावं बदलली आहेत, ती कटकट यात वाचते. स्कॅन नंतर क्रॉप केला असेल तर पिक्सेलचे जुने आकडे बाद.

एक्सेलमधून आणताना आणखी एक घोळ होतो. ३,७३,४१२.५५ असा स्वल्पविराम घातलेला आकडा सीएसव्हीत (तिथे स्वल्पविरामानेच कॉलम वेगळे होतात) तीन कॉलम होऊन सांडतो. आकडे सलग ठेवा. यूटीएम या मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत नाशिक ४३ उत्तर झोनमध्ये येतं, क्यूजीआयएसमध्ये निवडायचा त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. शहराच्या आसपास ईस्टिंग (पूर्व-पश्चिम आकडा) सहा अंकी, पावणेचार लाखांच्या जवळ. नॉर्दिंग (उत्तर-दक्षिण आकडा) सात अंकी, २२ लाखांच्या पुढेमागे. मोजणीवाल्याच्या फाइलमध्ये बहुतेकदा नॉर्दिंग आधी असतं, पॉइंट्स फाइलला ईस्टिंग आधी लागतं. अंक मोजले की अदलाबदल लगेच कळते. अंशांत काम करत असाल तर रेखांश ७३.८ आधी, अक्षांश २० नंतर. उलट झालं तर तुमची द्राक्षबाग नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

आता शून्य एररचं. थिन प्लेट स्प्लाइन चित्र ताणून प्रत्येक बिंदूतून नेतोच, त्यामुळे तिथे शून्य येणारच. एखाद्या बिंदूचा आकडा ५० मीटरने चुकीचा टाकून पाहा, तरी शून्यच येईल. फक्त त्याच्या भोवतीचे बांध वाकतील. पॉलिनॉमियल १ मध्ये तोच बिंदू लगेच उघडा पडतो, अर्थात तीनाहून जास्त बिंदू असतील तर. नेमके तीनच दिलेत तर तिथेही शून्य.

आणि तीन मीटर म्हणजे किती, तेही बघा. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. ३०० डीपीआय स्कॅनचा एक पिक्सेल साधारण ४२ सेंटिमीटर. जुना, घड्या पडलेला कागद तीन मीटरवर आला तर मला तक्रार नाही. कागद खरोखरच असमान आकसला असेल आणि बिंदू सगळीकडे भरपूर असतील तर स्प्लाइन जरूर वापरा.

क्लिक करण्याबद्दल तुमचं अर्धं पटतं. सपाट शेतात, मोरीचा कठडा किंवा विहिरीचा मध्य स्पष्ट दिसत असेल तर चालतं. पण उतारावर उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं आणि तो फरक रेसिड्युअलमध्ये (प्रत्येक बिंदूला दाखवलेल्या एररमध्ये) दिसत नाही. नदीकाठ आणि झाडं तर घेऊच नका. जुन्या टोपोशीटवरून आकडे उचलले असतील तर ते एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं गणित) आहेत. डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ते गणित) समजून भरलेत तर सगळा नकाशा शंभरेक मीटर सरकेल, आणि एरर मात्र छान दिसेल.

तुमच्याकडे १५ बिंदू आहेत. त्यातल्या चारांचा एनेबल कॉलम पॉइंट्स फाइलमध्ये ० करा, म्हणजे नकाशा बसवताना ते वापरले जाणार नाहीत, दोन्ही पद्धतींनी नकाशा बसवा आणि त्या चार जागी प्रत्यक्ष किती फरक पडतो ते मोजून इथे टाका.